नाव स्पिनोझाचे, युक्तिवाद कोणाचा?

प्रश्न असा आहे: विसाव्या शतकात भाषा आणि तर्क यांच्या काटेकोर विश्लेषणावर भर देणाऱ्या ज्या विश्लेषणात्मक तत्त्वज्ञांनी सत्तामीमांसेला, म्हणजे जे आहे ते मुळात काय आहे या चर्चेला, निरर्थक ठरवून दाराबाहेर काढले, त्यांचेच वारसदार आज ॲरिस्टॉटल, लायब्निझ आणि स्पिनोझा यांची नावे घेऊन लेखांमागून लेख लिहीत आहेत. हे जुन्या विचारवंतांचे खरेखुरे वाचन आहे, की मोठ्या नावांच्या आडून आपलाच माल खपवणे? आणि नवख्या वाचकाने सुरुवात मूळ ग्रंथांपासून करावी की या आधुनिक लेखांपासून?

बरीच वर्षे दोन्ही प्रकारचे लेखन शिकवत आल्यावर माझे मत असे झाले आहे की वाचनही चालते आणि माल खपवणेही चालते, आणि पुष्कळदा एकाच लेखात. विश्लेषणात्मक तत्त्वज्ञ जुन्या माणसाची संपूर्ण विचारव्यवस्था सहसा उचलत नाहीत, त्यातला एक युक्तिवाद उचलतात. युक्तिवाद उचलताना त्याच्या बुडाशी असलेले एखादे गृहीतक मागे राहते. ते गृहीतक कोणते, हे ओळखता आले की पाणी कुठे मुरते ते कळते. आणि माझ्या अनुभवात हे मागे राहिलेले गृहीतक बहुधा एकच असते: प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी का आहे, याला काहीतरी कारण असलेच पाहिजे, हे पर्याप्त कारणाचे तत्त्व.

आधी हकालपट्टीच्या गोष्टीबद्दल, कारण ती अर्धीच खरी आहे. कारनॅपने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हायडेगरच्या 'शून्या'विषयीच्या वाक्यांची तार्किक चिरफाड केली. १९३६ मध्ये ए. जे. एअरने ब्रॅडली या इंग्रज अद्वैतवाद्याच्या ग्रंथातले परमतत्त्वाविषयीचे एक वाक्य, सहज हाती लागले म्हणून, निरर्थकतेचा नमुना म्हणून पुढे ठेवले. पण कारनॅप आणि एअर हे दोघे तार्किक प्रत्यक्षार्थवादी होते, म्हणजे अनुभवाने पडताळता न येणारे विधान निरर्थक मानणारे, आणि हा वाद या परंपरेतला मधला टप्पा आहे, तिचा आरंभ नव्हे. परंपरेच्या आरंभी तर लायब्निझवरचे एक पुस्तक उभे आहे. १८९९ मध्ये केंब्रिजला लायब्निझवर एरवी व्याख्याने देणारे मॅक्टॅगर्ट बाहेरदेशी गेले, ते काम तरुण बर्ट्रंड रसेलकडे आले आणि १९०० मध्ये त्याचे पुस्तक निघाले. विश्लेषणात्मक पद्धत जुन्या सत्तामीमांसकाला कशी हाताळते याचा साचा मला तरी तिथेच तयार झालेला दिसतो, त्याच्या गुणदोषांसकट.

रसेलने काय केले? लायब्निझची पत्रे, टिपणे, छोटे निबंध असा विखुरलेला पसारा होता. त्याने तो सगळा पाच आधारविधानांवर आणून ठेवला आणि म्हटले, बाकी सारे यांतून निघते, आणि ही पाच विधाने परस्परांशी सुसंगत नाहीत. पहिले आधारविधान असे की प्रत्येक विधानात एक उद्देश्य आणि एक विधेय असते. रसेलच्या मते सगळी गडबड इथे आहे, कारण हे मानले की संबंधांना स्वतंत्र जागाच उरत नाही. १९०३ मध्ये त्याने हा मुद्दा आणखी धारदार केला. 'अ हा ब पेक्षा मोठा आहे' हे विधान घ्या. लायब्निझच्या वाटेने गेलात तर अ चा एक आकार आणि ब चा एक आकार असे दोन गुण मिळतात, पण त्यातला एक आकार दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे सांगायला पुन्हा संबंधच लागतो. ब्रॅडली-स्पिनोझाच्या वाटेने गेलात तर 'अ आणि ब' या समग्राचा एक गुण मिळतो, समजा 'आकारभेद असणे'. पण ब हा अ पेक्षा मोठा असता तरी त्या समग्राचा तो गुण तसाच राहिला असता. मोठा कोण, हे हरवले. एवढ्याशा उदाहरणावर रसेलने एका बाजूचा अनेकतत्त्ववाद आणि दुसऱ्या बाजूचा अद्वैतवाद एकाच तर्कशास्त्रीय चुकीची दोन अपत्ये म्हणून दाखवले. संबंधांचे आधुनिक तर्कशास्त्र का हवे होते, हे यापेक्षा चांगले मला कुणी समजावून दिलेले नाही.

आता दुसरी बाजू. लायब्निझने खरोखर संबंध बाद केले होते का? 'पॅरिस हेलनवर प्रेम करतो' हे वाक्य तो असे फोडून लिहितो: पॅरिस प्रेम करतो, आणि त्याच कारणाने हेलन प्रेमविषय आहे. यातल्या 'त्याच कारणाने' या जोडणीत संबंध गेला की नुसता लपला? हिदे इशिगुरो यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात रसेलचे वाचन याच जागी अडवले. लायब्निझला संबंध पुसायचे नव्हते, वाक्यांची तार्किक रचना उघड करायची होती, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी १९०१ मध्येच कूतुरा या फ्रेंच अभ्यासकाने लायब्निझचे तर्कशास्त्रविषयक लेखन तपासून दाखवले होते की सर्वच सत्य विधानांत विधेय उद्देश्यात सामावलेले असते, अस्तित्वविषयक विधानेही त्याला अपवाद नाहीत. रसेलने अपवाद केला होता. दोन वर्षांनी त्याने हा आक्षेप मान्य केला. म्हणजे तर्काच्या कसोटीने केलेले वाचन कागदपत्रांच्या कसोटीने सुधारले गेले. हे होऊ शकले, कारण रसेलचा दावा इतका नेमका होता की तो चूक ठरू शकत होता. 'लायब्निझ हा त्याच्या युगाचा आत्मा होता' अशा वाक्याला कोण कधी खोडणार?

ब्रॅडलीचे प्रकरण जास्त रंगतदार आहे, आणि मराठी वाचकाला ते अर्धे ओळखीचे वाटेल. १८९३ च्या ग्रंथात ब्रॅडली साखरेचा खडा घेतो. तो पांढरा आहे, कठीण आहे, गोड आहे. खडा म्हणजे नुसता पांढरेपणा नव्हे, नुसता गोडपणाही नव्हे. मग हे गुण एकमेकांशी काही संबंधाने जोडलेले असणार. तो संबंध गुणांहून वेगळा, स्वतंत्र असेल, तर त्याला गुणांशी जोडायला आणखी एक संबंध हवा. त्यालाही जोडायला आणखी एक. ही अनवस्था, म्हणजे कुठेच न थांबणारी साखळी.

'अनवस्था' हा शब्द मी मुद्दाम आणला नाही, तो इथे आधीपासूनच आहे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातले तेरावे सूत्र, 'समवायाभ्युपगमाच्च साम्यादनवस्थितेः', आणि त्यावरचे शंकराचार्यांचे भाष्य वाचा. जग परमाणूंपासून घडते असे मानणाऱ्या वैशेषिकांच्या मते दोन द्रव्यांचा संयोग हा एक गुण आहे आणि तो द्रव्यांत समवाय नावाच्या संबंधाने राहतो. शंकराचार्य विचारतात: संयोग हा जोडल्या जाणाऱ्या वस्तूंहून वेगळा म्हणून त्याला समवायाची गरज, तर समवायही वेगळाच आहे, त्याला आणखी एका समवायाची गरज का नाही? आणि समवायाला ती गरज नसेल तर संयोगाला तरी का असावी? दोहोंत साम्य आहे, म्हणून एक तर अनवस्था, नाहीतर समवाय मुळातच अनावश्यक. समवाय मानणाऱ्या नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, उत्तर असे की समवाय आपल्या स्वरूपानेच जोडलेला असतो, त्याला तिसऱ्याची मदत लागत नाही.

आता १९५९ चा स्ट्रॉसन उघडा. वस्तू आणि तिचे सामान्य (अनेक वस्तूंत एकच असणारा गुणधर्म, जसे पांढरेपणा) यांना जोडणारा दुवा हा संबंधांपैकी एक संबंध नव्हेच, असे तो म्हणतो. १९९७ चा आर्मस्ट्राँग उघडा. वस्तू आणि गुण यांची मिळून एक 'वस्तुस्थिती' बनते आणि ती वस्तुस्थितीच त्यांना एकत्र धरते, वेगळ्या दुव्याची गरज नाही, हे त्याचे उत्तर. दोन्ही उत्तरे नैयायिकांच्या शेजारी बसवा, कुळ एकच दिसते. परंपरांमधल्या तुलनेबद्दल मी एरवी सावध असतो, कारण 'आमच्याकडे हे आधीच होते' या सुरात ती लवकर घसरते. पण इथे साम्य निष्कर्षाचे नाही, युक्तिवादाच्या पायऱ्यांचे आहे, आणि पायऱ्या तपासता येतात.

फरक कुठे आहे तोही पाहायला हवा. शंकराचार्यांना या युक्तिवादाने परमाणूंपासून जग घडते ही वैशेषिकांची उपपत्ती मोडायची आहे. ब्रॅडलीला संबंधांत विचार करणारी सगळी बुद्धीच आभासापुरती आहे हे दाखवायचे आहे. आणि आर्मस्ट्राँगला? त्याला फक्त अनवस्था थांबवायची आहे. म्हणून तो थांबतो: वस्तुस्थिती एकत्र आहे, बस्स, त्यापुढे विचारू नका. ब्रॅडलीचा आग्रह नेमका 'त्यापुढे विचारण्या'चा होता. एकत्र असणे आणि एकत्र नसणे यांत फरक काय, आणि तो कशामुळे? हा प्रश्न विचारण्याचा हक्क मान्य केला तर ब्रॅडली पुन्हा उभा राहतो. नाकारला, तर त्याला उत्तर दिले असे म्हणता येत नाही. त्याच्या प्रश्नाला फक्त रजा दिली. जाता जाता, रसेलने ब्रॅडलीच्या माथी 'सर्व संबंध अंतर्गत असतात', म्हणजे ते संबंधित वस्तूंच्या स्वरूपातूनच निघतात, हे मत मारले आणि पाठ्यपुस्तकांतून ते अजून फिरते आहे. ब्रॅडलीच्या लेखी अंतर्गत काय आणि बाह्य काय, अखेरीस दोन्ही आभासच.

मागे राहिलेली गोष्ट परत येऊन दुरुस्ती करते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण सत्त्वाच्या चर्चेत मिळते. वस्तूचे सत्त्व म्हणजे ती वस्तू मुळात काय आहे ते. १९५३ मध्ये क्वाइनने बजावले होते की प्रकारात्मक तर्कशास्त्रात, म्हणजे अनिवार्यता आणि शक्यता यांच्या तर्कशास्त्रात, फार खोल गेलात तर ॲरिस्टॉटलच्या सत्त्ववादाच्या जंगलात जाऊन पडाल. १९७० मध्ये सॉल क्रिपकीने प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांनी लोकांना त्या जंगलात आनंदाने नेले. पाणी एच-टू-ओ असणे अनिवार्य आहे, हे टेबल ज्या लाकडातून झाले त्याहून अगदी वेगळ्या लाकडातून ते झालेच नसते, वगैरे. पुढची वीसेक वर्षे सत्त्वाची व्याख्या बहुतेकांनी अशी धरली: ज्या गुणाशिवाय ती वस्तू अस्तित्वातच असू शकत नाही तो तिचा सत्त्वगुण. ॲरिस्टॉटल परत आला, असे सगळे म्हणू लागले.

१९९४ मध्ये किट फाइनने एक साधा संच पुढे केला: ज्यात सॉक्रेटिस हा एकच घटक आहे असा संच. सॉक्रेटिस असेल तर तो या संचाचा घटक असणारच, यातून सुटका नाही. मग या संचाचा घटक असणे हे सॉक्रेटिसचे सत्त्व झाले का? सॉक्रेटिस काय आहे हे सांगताना संचांचा उल्लेख कशाला करावा लागेल? उलट त्या संचाच्या सत्त्वात मात्र सॉक्रेटिस येतो, कारण तो संच म्हणजे सॉक्रेटिसचाच संच. अनिवार्यता दोन्ही दिशांनी सारखी आहे, सत्त्व एकाच दिशेने जाते. म्हणजे सत्त्व हे अनिवार्यतेतून काढता येत नाही. फाइनने त्याऐवजी ॲरिस्टॉटलची, व्याख्येशी जोडलेली कल्पना पुढे आणली.

आता ॲरिस्टॉटलचा 'टॉपिक्स' हा ग्रंथ काढून पहिला भाग वाचा. तिथे व्याख्या आणि खास गुण यांत त्याने फरक केलेला आहे, आणि उदाहरण आहे व्याकरण शिकण्याच्या क्षमतेचे. माणूस असेल तर ही क्षमता असते, ही क्षमता असेल तर माणूस असतो, तरीही माणूस म्हणजे काय हे ती सांगत नाही. तेव्हा १९७० ते १९९४ या काळात ज्याला ॲरिस्टॉटलचा सत्त्ववाद म्हणून मिरवले, त्यातून खुद्द ॲरिस्टॉटलने आखलेली रेघच गाळली गेली होती. कुणी मूळ पान उलगडले असते तर एवढा काळ गेला नसता, असा शेरा मारायचा मोह होतो. पण फाइनच्या संचाशिवाय त्या पानातल्या ओळीचे मोल किती जणांना कळले असते, हाही प्रश्नच आहे.

पर्याप्त कारणाचे तत्त्व गाळून युक्तिवाद उचलला आणि तेच तत्त्व वेगळ्या वेषात दारात उभे राहिले, असा एक प्रकार तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या हाती घडला. परिपूर्ण सत्ता असलीच पाहिजे, या देकार्तच्या ईश्वरसिद्धीला लायब्निझचा आक्षेप होता की परिपूर्ण सत्ता शक्य आहे हे आधी सिद्ध करा. गोडेलने ती उणीव भरून काढणारी सिद्धता आधुनिक तर्कशास्त्रात मांडली. १९७० च्या सुमारास ती टिपणे इतरांच्या हाती आली. १९८७ मध्ये जॉर्डन हॉवर्ड सोबेलने दाखवले की गोडेलची आधारविधाने मानली तर जे जे सत्य आहे ते ते अनिवार्य ठरते, योगायोग नावाला उरत नाही. विचार करा, हे कोणते भूत आहे? पर्याप्त कारणाचे तत्त्व कडकपणे पाळले तर सारे काही अनिवार्य ठरते, ही स्पिनोझाची जागा. तिथे आपण जाऊन पोचू नये म्हणून लायब्निझने आयुष्यभर कसरत केली. आकडेमोडीतून तीच जागा पुन्हा निघाली. २०१३ मध्ये बेंत्समुलर आणि वोल्ट्सेनलोगेल पालेओ यांनी ही सिद्धता संगणकाने तपासली, आणि पुढच्या तपासणीत गोडेलच्या मूळ टिपणातली आधारविधाने परस्परविसंगत निघाली. डेना स्कॉटने किंचित बदललेली आवृत्ती मात्र टिकली. लायब्निझला हे आवडले असते असे मला वाटते. वाद झाला की बसा आणि हिशेब मांडा, हे त्याचेच स्वप्न.

मॅक्टॅगर्टची गत मात्र वाईट झाली. १९०८ च्या त्याच्या निबंधातून भूत-वर्तमान-भविष्य ही एक मालिका आणि आधी-नंतर ही दुसरी, हा भेद सगळ्यांनी घेतला. कालाच्या चर्चेत आजही सगळे त्यावरच उभे आहेत. काल असत्य आहे हा त्याचा निष्कर्ष बहुतेकांना नको होता. आणि काल नसलेल्या त्या जगात एकमेकांवर प्रेम करणारे आत्मेच तेवढे खरे आहेत, ही ज्यासाठी सगळा खटाटोप होता ती गोष्ट तर कुणी वाचतही नाही. याला वाचन म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण त्या भेदाचा उपयोग झाला हे खरे.

पद्धतीबद्दल भांडणेही झाली आहेत. जोनाथन बेनेटने १९८४ च्या स्पिनोझावरच्या ग्रंथात त्याला समकालीन सहकाऱ्यासारखे वागवले: इथे तू चुकलास, इथे बरोबर आहेस, आणि शेवटच्या भागातली मनाच्या शाश्वततेची चर्चा तर कचरा आहे. डॅनिएल गार्बरसारख्या इतिहासकारांचे म्हणणे असे की जुना विचारवंत आपल्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारत होता, आणि ते वेगळेपण कळणे हाच खरा लाभ. मी बेनेटचा ग्रंथ अजूनही हाती देतो, कारण तो प्रत्येक पायरीवर भांडायला लावतो. पण जो भाग त्याने कचऱ्यात टाकला त्याच भागासाठी स्पिनोझाने बाकीचे लिहिले असण्याची शक्यता आहे, हेही सांगतो. डेव्हिड लुईसचा मार्ग तिसरा. १९८६ मध्ये शक्य विश्वांवर, म्हणजे जग ज्या ज्या प्रकारे असू शकले असते त्यांवर, ग्रंथ लिहिताना लायब्निझबद्दल त्याने जवळजवळ मौन पाळले. आपण काही बोललो तर ते हौशी माणसाचे बोलणे होईल, असे प्रस्तावनेत सांगून टाकले. नावाचा आधार घ्यायचा नसेल तर असे सरळ सांगावे.

तुमच्या प्रश्नात स्पिनोझाचे नाव होते, म्हणून शेवटी त्याच्याकडे. २०१० मध्ये जोनाथन शाफरने एकतत्त्ववादाची बाजू मांडली: संपूर्ण विश्व हेच मूलभूत, त्याचे भाग आहेत पण ते त्या संपूर्णावर आधारलेले. इतिहासातले एकतत्त्ववादी बहुतांशी हेच म्हणत होते, असाही त्याचा दावा आहे. त्याचे युक्तिवाद मात्र पाहा. एक पुंजभौतिकीतल्या गुंतागुंतीवरून, म्हणजे कणांच्या अवस्था सुट्या सुट्या सांगता येत नाहीत यावरून. दुसरा, पदार्थाचे अंतहीन विभाजन शक्य आहे, तेव्हा सर्वांत लहान भागांवर जग उभे करता येणार नाही, यावरून. 'एथिक्स'मधल्या पहिल्या भागाच्या अकराव्या सिद्धांताची दुसरी सिद्धता उघडली तर स्पिनोझा वेगळेच म्हणतो: एखादी गोष्ट असेल तर तिच्या असण्याला कारण हवे, आणि नसेल तर नसण्यालाही कारण हवे. त्याचे एकच द्रव्य या मागणीच्या जोरावर उभे आहे. उद्या भौतिकशास्त्र बदलले तर शाफरला आपली बाजू पुन्हा मांडावी लागेल, स्पिनोझाला तसे काही लागणार नाही. नाव एक, पण उभे राहण्याची जमीन वेगळी. याउलट मायकेल डेला रोका पर्याप्त कारणाचे तत्त्व जसेच्या तसे उचलतो, आणि मग त्याला थांबता येत नाही. २०२० च्या पुस्तकात तो पार प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीसपर्यंत पोचतो, जिथे भेद म्हणून काही उरतच नाही. बरोबर की चूक ते सोडा, पण या मंडळींत फुकट काही न घेणारा तोच.

वाचनाचा क्रम विचारलात तर मी मूळ ग्रंथ आधी, मग आधुनिक लेख असा सरसकट नियम सांगणार नाही. मॅक्टॅगर्टचा १९०८ चा निबंध छोटा आहे, त्याने सुरुवात करा. मग लायब्निझने १६८६-८७ मध्ये आर्नो या फ्रेंच धर्मशास्त्रज्ञाशी केलेला पत्रव्यवहार घ्या. रसेललाही लायब्निझचा खरा उलगडा तिथूनच झाला होता. सोबत रसेलचे पुस्तक ठेवा आणि प्रत्येक वेळी तो 'म्हणून' म्हणेल तिथे थांबून पत्रात तो 'म्हणून' आहे का ते पाहा. 'एथिक्स' नंतर. आणि आधुनिक लेख वाचताना जुन्या माणसाचे नाव खोडून टाका: लेख जसाच्या तसा उभा राहत असेल तर नाव शोभेचे होते, आणि एखादी पायरी ढासळत असेल तर तेवढ्या पायरीसाठी मूळ पान काढा.